उणे सदुसष्ट

टीव्ही आम्ही दुकानातून विकत आणतो, कंपनीकडून मागून नाही.
एक लॅमिंग्टन रोडचा, एक ठाण्याच्या मॉलमधला,
पावती कधी माझ्या नावावर, कधी इरफान दळवीच्या मेव्हण्याच्या.
खोकी फोडली की ब्रँडवर पांढरी चिकटपट्टी.
मग ते नुसते क, ख, ग, घ, च, छ,
बालवाडीत आणून सोडल्यासारखे भिंतीशी उभे.
ङ आम्ही कुणालाच देत नाही.

साकीनाक्याच्या गाळ्यात तांब्याच्या जाळीची एक खोली आहे.
दार लावलं की खिशातला फोन मुका.
तिथे राउटर आधी तीन मीटरवर, मग आठ,
मग मध्ये विटांची भिंत, चाकांवर ढकलत आणलेली.
हो, चाकांवरची.
मुंबईत जागा परवडत नाही, म्हणून भिंत फिरती ठेवलीय.

सिग्नल उण्यात मोजतात.
उणे चाळीस उत्तम, उणे सदुसष्ट चालेल,
उणे ऐंशीच्या पुढे चित्र चौकोनांत फुटतं,
आधी वार्ताहराचा गाल जातो, मग माइक.
नवीन आलेल्या त्रिवेणीने विचारलं, अधिकात कधीच नसतो का हो?
घरातल्या हवेत नाही, म्हटलं.
इथे सगळेच उणे, कोण किती कमी उणं एवढंच बघायचं.
आई असताना शेजारणींना सांगायची,
आमची शुभदा उणंदुणं काढायच्या नोकरीला आहे.

जाळीच्या खोलीत ग पहिला आला.
पहिला आलेल्याला खऱ्या घरात न्यायचं, असा नियम.
चुनाभट्टी, अकरावा मजला, कालिंदी आवळे, डबे करून देतात.
लिफ्ट बंद. ग जिन्याने चढला,
तीन ठिकाणी टेकला, आमच्यासकट.

वर यादी उघडली तर त्रेपन्न नावं.
आवळे होम. आवळे होम खरं.
पिंट्याचं नेट. मागू नका. डॉक्टर कुरणे दवाखाना.
एकाचं नाव नुसतं 'हळू'.
तीनशे चौरस फुटांत त्रेपन्न घरांची हवा,
आणि त्यात ग नवखा, दारात चपला काढून उभा.

दुपारी दीडला तो अडखळला.
पडद्यावर गोल गोल चक्र.
राउटर तोच, अंतर तेच. इरफानने वायर हलवून पाहिली,
मी चॅनेल बदलला.
आवळेबाई म्हणाल्या, काही नाही हो,
पलीकडची मयूरी कामावरून आली, जेवण गरम करतेय.
रोजचंच आहे. तेवढ्यात मी गवार मोडून घेते.
भिंतीपलीकडे मायक्रोवेव्हची टिंग झाली
आणि ग शहाण्यासारखा बोलू लागला.
मी लिहिलं: अडथळा, तीन मिनिटं दहा सेकंद.
गवारीला रकाना नाही.

शेवटची चाचणी वीज घालवायची.
बटण बंद, दहा मोजायचे, बटण चालू.
क अकरा सेकंदांत परत जोडला गेला होता, छ चाळीसमध्ये, कुरकुरत.
ग जोडला गेलाच नाही.
'जोडणी तुटली आहे' एवढं लिहून थांबला, खाली 'ठीक' असं बटण.
रिमोट पिठाच्या डब्यावर सापडला.

तक्त्यात प्रश्न आहे: तुटलेली जोडणी आपोआप जुळते का?
होय. नाही. कुणाला तरी उठावं लागतं.
तिसरा पर्याय मी घालायला लावला,
आईच्या तेराव्यानंतरच्या महिन्यात.
मी तिसऱ्यावर खूण केली. ग चौथा गेला.

उतरताना सातव्या मजल्यावर दम खाल्ला.
फोन काढला, जतन केलेली नेटवर्कं बघत बसले.
दादाच्या मुलुंडच्या घराचं अजून आहे,
त्याच्यापुढे 'आपोआप जोडा' सुरू.
दीड वर्षात तिकडे गेले नाही,
त्यामुळे चाचणी झालेली नाही.
पासवर्ड बदलला असेल तर गोष्ट वेगळी.

खालच्या पायरीवरून,
टीव्हीच्या कोपऱ्याला हात घालून, इरफान विचारत होता,
मॅडम, उचलायचा का?